ऑलिंपियन शिक्षक आणि मुरमाचे मैदान : पुण्यातील एका शाळेचे प्रकरण

पुण्याच्या उत्तर भागातील एका अनुदानित मराठी शाळेने काही वर्षांपूर्वी, भारताकडून ऑलिंपिकमध्ये हॉकी खेळलेल्या एका निवृत्त सैनिकाला क्रीडा मार्गदर्शक म्हणून बोलावले. पहिल्या दीड वर्षात मैदानावर येणाऱ्या मुलांची संख्या निम्म्यावर आली, जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत संघ पहिल्याच सामन्यात मोठ्या फरकाने हरला आणि शाळा समितीपुढे त्यांचे मानधन बंद करण्याचा प्रस्ताव आला. तो प्रस्ताव संमत झाला नाही. पुढे जे बदलले ते कसे बदलले, याची नोंद क्रीडा प्रशिक्षण शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सर्वांना उपयोगी पडेल असे मला वाटते. मी शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकवतो, आमचे बी. पी. एड. (शारीरिक शिक्षणातील पदवी) चे छात्रशिक्षक सराव पाठांसाठी या शाळेत जातात आणि त्यांच्या निरीक्षण वह्यांमुळे हा सगळा काळ मला जवळून पाहता आला. संबंधित गृहस्थांच्या विनंतीवरून त्यांचे नाव, शाळेचे नाव आणि ऑलिंपिकचे वर्ष येथे दिलेले नाही. शाळेत त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे.

पुण्याच्या या भागाला हॉकी नवीन नाही. खडकीतील दारूगोळा कारखाना आणि लष्करी वसाहती यांच्या आसपासच्या मैदानांवर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला. बार्सिलोना, अटलांटा, सिडनी आणि अथेन्स अशी सलग चार ऑलिंपिक खेळलेले धनराज पिल्ले १९६८ साली खडकीतच जन्मले आणि तेथेच स्टिक हातात धरायला शिकले. १९८० साली महिला हॉकीचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश झाला, तेव्हा मॉस्कोला गेलेल्या भारतीय संघातील एलिझा नेल्सन याही पुण्याच्याच. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघाचे नेतृत्व त्यांनी केले. अशा परिसरातील शाळेला ऑलिंपियन मार्गदर्शक मिळावा याचा संस्थेला अभिमान वाटला, तो स्वाभाविक होता. शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, प्रवेशद्वारावर फलक लागला आणि वर्षभरात शाळेचे नाव वर्तमानपत्रात येईल अशी अपेक्षा संस्थाचालकांनी त्याच समारंभात बोलून दाखवली.

सरांची नेमणूक मात्र शिक्षक म्हणून होऊ शकत नव्हती. अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षकाच्या पदासाठी पदवी आणि बी. पी. एड. लागते, शिवाय संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येनुसार शासनाने मंजूर केलेल्या पदांत, तसे पद असावे लागते. शाळेत असलेल्या एकमेव मान्य पदावर एक बाई अनेक वर्षे काम करत होत्या. त्या स्वतः खो-खोच्या खेळाडू, आणि मैदानाचे वेळापत्रक, साहित्याची खोली, स्पर्धांचे अर्ज असे सारे त्यांच्याकडे. सरांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला होता; पण मान्यतेच्या दृष्टीने त्याचा उपयोग नव्हता. त्यामुळे संस्थेच्या निधीतून मासिक मानधन, दर वर्षी नव्याने ठराव, आणि हजेरीपटावर नाव नाही अशा स्वरूपात त्यांचे काम सुरू झाले. ही प्रशासकीय बाब येथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे आलेल्या प्रसंगाचे मूळ बऱ्याच अंशी तिच्यात होते. ज्याचे काम दर वर्षी ठरावाने टिकते त्याच्याकडून दर वर्षी निकाल मागितला जातो, आणि हॉकीसारख्या खेळात शालेय वयात एका वर्षात दाखवण्याजोगा निकाल प्रामाणिकपणे देता येत नाही.

पहिल्या सहा महिन्यांतील सरांचे शिकवणे राष्ट्रीय शिबिरासारखे होते. सकाळी साडेसहाला धावणे, मग रांगेत उभे राहून चेंडू ढकलण्याचा (पुश) आणि फटकावण्याचा (हिट) सराव, मग प्रात्यक्षिक. ते स्वतः चेंडू घेऊन खांदा एका बाजूला टाकत आणि दुसऱ्या बाजूने निघून जात. साठीकडे झुकलेल्या माणसाची ती चपळाई पाहून मुले टाळ्या वाजवत. नंतर मुलांनी तेच करायचे असे. एकालाही ते जमत नसे. सर पुन्हा करून दाखवत, पुन्हा जमत नसे, आणि तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चढे. आमच्या एका छात्रशिक्षिकेने त्या काळात आपल्या वहीत लिहिले होते की, तासाचा निम्मा वेळ मुले रांगेत उभी असतात आणि उरलेल्या वेळात ती सरांकडे पाहत असतात. निरीक्षण कडक असले तरी अचूक होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर जी मुले परतली नाहीत त्यांच्यापैकी बहुतेकांनी घरी ‘आम्हाला येत नाही’ एवढेच कारण सांगितले होते.

या अवस्थेला सरांचा स्वभाव जबाबदार होता असे शाळेतील काहींचे मत होते. मला ते पटत नाही. जो माणूस एखादी गोष्ट वीस-पंचवीस वर्षे सर्वोच्च पातळीवर करत आला, त्याच्या शरीराने ती गोष्ट त्याच्या नकळत साठवलेली असते. तो काय करतो हे त्याला विचारले तर तो आपल्या गुरूंनी सांगितलेली वाक्ये सांगतो. प्रत्यक्षात तो वेगळेच काही करत असतो. सर मुलांना सतत सांगत, ‘चेंडूवरची नजर हलवू नको.’ त्याच छात्रशिक्षिकेने मोबाइलवर त्यांचे चित्रण केले तेव्हा दिसले की, चेंडू त्यांच्याकडे येत असताना सर दोनदा नजर उचलून खांद्यावरून मागे पाहतात आणि अगदी शेवटच्या क्षणी चेंडूकडे वळतात. तिने हे सांगितल्यावर सरांनी प्रथम साफ नाकारले. चित्रण पाहिल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “हे मला कोणी शिकवलं नव्हतं.” बचावफळीत खेळलेल्या माणसाला मागून कोण येते आहे हे ठाऊक नसेल तर चेंडू मिळूनही तो गमावणार, हे सामन्यांनी त्यांना शिकवले होते, शिबिरातील कोणत्याही पाठात ते नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यात या शोधाचे पाठात रूपांतर झाले. चेंडू घेणाऱ्या मुलाच्या मागे एक जण लाल किंवा पिवळा रुमाल घेऊन उभा राही. चेंडू सुटल्यानंतर रुमाल वर होई, आणि चेंडू अडवण्याआधी मुलाने रंग ओरडून सांगायचा असे. सुरुवातीला चेंडू पायाखालून जात, रंगही चुकत. महिनाभरात पाचवी-सहावीतली मुले मान वळवून पाहायला लागली. राष्ट्रीय स्तरावरील खेळाडूंमध्ये जी सवय आपण ‘खेळाची समज’ म्हणून गौरवतो, तिचा एक मोठा भाग असा साध्या सरावातून अकरा वर्षांच्या मुलाला देता येतो. या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत मौल्यवान वाटतो, कारण येथे खेळाडूचे ज्ञान पहिल्यांदा शिक्षकाच्या हाती आले, आणि ते आणून देणारी व्यक्ती स्वतः हॉकी कधीही न खेळलेली विद्यार्थिनी होती.

बाईंचा वाटा याहून मोठा आहे आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. मान्य पदावर असलेल्या शिक्षिकेच्या मैदानावर बाहेरून नामांकित खेळाडू आणला जातो तेव्हा कुरबुर होते, साहित्याच्या खोलीची किल्ली वेळेवर मिळत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे तसे घडले नाही. बाईंनी सरांना पहिल्या सत्राच्या अखेरीस सांगितले की, “सर, मुलं रांगेत उभी राहिली की ती खेळ बघायला लागतात, खेळत नाहीत,” आणि आपल्या खो-खोच्या वर्गाची मांडणी पाहायला बोलावले. त्यानंतर मैदानावर फक्कीने लहान चौकोन आखले जाऊ लागले. प्रत्येक चौकोनात तीन विरुद्ध एक किंवा चार विरुद्ध दोन अशी मुले, एक चेंडू, आणि कोणीही रांगेत नाही. स्टिकची संख्या मुलांपेक्षा कमी होती, म्हणून चौकोनाबाहेरच्या मुलांना मोजणीचे काम दिले गेले: कोणी किती पास अडवले, कोणी पाहून दिला, कोणी न पाहता दिला. या मोजणीच्या वह्या मी वाचल्या आहेत. त्यांतील अक्षर वाईट असले तरी त्यातून मुलांची नजर तयार होताना दिसते.

एका मुलीचा उल्लेख येथे करायला हवा. ती डावखुरी होती. हॉकीच्या नियमांनुसार स्टिकची सपाट बाजू डावीकडेच असते आणि चेंडू गोलसर बाजूने खेळता येत नाही. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. तिला स्टिक उलट धरण्याची सवय लागली होती, आणि शाळेत कोणीतरी तिला दुसरा खेळ घेण्याचा सल्ला दिला होता. सरांनी तिला थांबवले आणि समजावले की, हॉकीत डावा हात स्टिकच्या टोकाशी, वर असतो. स्टिक फिरवून चेंडू उलट्या बाजूने घेण्याचे काम तोच हात करतो, उजवा हात खाली फक्त आधार देतो. म्हणजे इतरांना जो हात महिनोन्‌महिने तयार करावा लागतो, तो तिचा आधीच तयार होता. पहिल्या वर्षीच्या सरांनी हे सांगितले असते की नाही याबद्दल मला शंका आहे, कारण तोपर्यंत आपल्या दोन हातांची कामे वेगळी करून पाहण्याची गरजच त्यांना पडली नव्हती.

आता पराभवाकडे वळतो. जिल्हास्तरीय स्पर्धा कृत्रिम हिरवळीवर, म्हणजे मुले ज्याला टर्फ म्हणतात त्यावर झाली. शाळेचे मैदान मुरमाचे. संस्थेने आधीच देणगीतून टर्फचे काही तास भाड्याने घेण्याची तयारी दाखवली होती, परंतु सरांनी नकार दिला होता. हात मातीत घडतात, टर्फ नंतर पाहू, असे त्यांचे ठाम मत होते. त्या मताला इतिहासाचा आधार होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि तोवर सात सुवर्णपदके जिंकलेला भारत सातव्या स्थानावर राहिला. १९८० च्या मॉस्कोतील सुवर्णानंतर पुढचे पदक, टोकियोतील कांस्य, २०२१ साली मिळाले. मधल्या चार दशकांत ‘टर्फने आपला खेळ मारला’ हे वाक्य जुन्या खेळाडूंच्या तोंडी पक्के बसले. सर त्याच पिढीचे. मातीवर शिकून, राष्ट्रीय शिबिरात टर्फला सामोरे जाऊन, ते ऑलिंपिकपर्यंत पोहोचले होते. त्यामुळे तो क्रम त्यांना नैसर्गिक वाटत होता.

माझ्या मते सरांचे म्हणणे अर्धे बरोबर होते. मुरमावर चेंडू खड्याला लागून उडतो, दिशा बदलतो, आणि मुलाला शेवटच्या क्षणी मनगट वळवावे लागते. त्यातून येणारी हाताची कोवळीक सपाट मैदानावर शिकलेल्या मुलांत उशिरा येते. मात्र त्याच मुरमामुळे मूल स्टिक उभी धरून, चेंडूची वाट पाहत थांबायला शिकते, कारण तो कुठे उडेल याचा भरवसा नसतो. टर्फवर चेंडू सरळ आणि फार वेगाने येतो. तेथे गुडघ्यात वाकून स्टिक जवळजवळ जमिनीवर आडवी ठेवली तर रुंद भिंत तयार होते. उभी स्टिक धरणाऱ्याला निमिषभराचा उशीर झाला तरी चेंडू निघून गेलेला असतो. मुरमावर आडवी स्टिक शिकवणे कठीण, कारण बोटांची सालटी निघतात. बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या पेनल्टी कॉर्नरची गोष्ट आणखी अवघड. गोलपोस्टपासून किमान १० मीटर अंतरावरून, मागच्या रेषेवरून चेंडू ढकलला जातो, तो डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर अडवला जातो आणि मग फटका किंवा ड्रॅग फ्लिक (चेंडू स्टिकने ओढत नेऊन फेकणे) होते. अडवणाऱ्याकडून चेंडू हातभर जरी घरंगळला तरी समोरून धावत येणारे बचावपटू पोहोचतात. त्या सामन्यात शाळेच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाले होते आणि एकदाही चेंडू नीट अडवला गेला नाही. रंग ओळखणारी, मागे पाहणारी, चौकोनात सुंदर खेळणारी मुले टर्फवर प्रत्येक चेंडूला अर्धे पाऊल उशिरा पोहोचत होती. मी तो सामना पाहिला. मुलांना काय झाले ते कळत नव्हते आणि त्यांच्या चेहऱ्यांवर ते स्पष्ट दिसत होते.

शाळा समितीच्या बैठकीत संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने मानधन थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. पालक प्रतिनिधींचाही त्याला काहीसा पाठिंबा होता; वरच्या पातळीवरील स्पर्धांतील सहभागाने दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघाच्या मुलांना ती संधी नसते. हा विचार क्षुद्र मानण्याचे कारण नाही. ज्या घरात मूल सकाळी साडेसहाला मैदानावर पाठवण्यासाठी आई पाचला उठते, त्या घराला त्या श्रमाचे फळ विचारण्याचा अधिकार आहे. मुख्याध्यापकांनी बाईंना मत विचारले. बाईंनी निकालाविषयी काहीच न बोलता मोजणीच्या वह्या टेबलावर ठेवल्या, आणि पहिल्या सत्रात व आता त्याच मुलाने किती चेंडू पाहून घेतले ते वाचून दाखवले. मग त्यांनी सांगितले की, गळती झालेली काही मुले परत येऊ लागली आहेत, आणि संघ टर्फवर हरला याचे कारण शिकवण्यात शोधण्याआधी संघ टर्फवर कधी उभाच राहिला नव्हता हे लक्षात घ्यावे. सरांनी त्या बैठकीत एवढेच म्हटले की, टर्फ नाकारण्याचा निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी बदलला आहे. समितीने दोन वर्षांची मुदत दिली. ही दोन वर्षे हाच या प्रकरणातील निर्णायक निर्णय होता. एका वर्षाची मुदत मिळाली असती तर सरांना पुन्हा स्पर्धेपुरता संघ बांधण्यावाचून पर्याय राहिला नसता.

उपाय शाळेच्या आवारातच निघाला. प्रार्थनेसाठी शाळेच्या मधल्या चौकात कोबा केलेला आहे. त्यावर प्लॅस्टिकचा चेंडू टर्फसारखाच सरळ आणि वेगाने जातो, आणि गुळगुळीत असल्याने स्टिक आडवी टेकवली तरी बोटे सोलत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस कोब्यावर फक्त चेंडू अडवणे आणि कॉर्नरचा पहिला स्पर्श, बाकीचे दिवस मुरमावर चौकोनातले खेळ, आणि नियमित अंतराने रविवारी भाड्याचे टर्फ, अशी घडी बसली. टर्फचे तास महाग, म्हणून तेथे नवीन काही शिकवायचे नाही असा सरांचा नियम आहे; कोब्यावर शिकलेले तेथे पूर्ण अंतरावर तपासायचे. सहावीपर्यंतच्या मुलांना टर्फवर नेतच नाहीत. या शेवटच्या बाबतीत आमचा मतभेद आहे. माझ्या मते पाचवीपासूनच, वर्षातून थोडे वेळा का होईना, मुलाच्या पायांना ते मैदान माहीत व्हावे. सर म्हणतात की त्या पैशात चार स्टिक येतात.

याच काळात शाळेने सरांना वर्गातही पाठवायला सुरुवात केली. गैरहजर शिक्षकांचे तास भरून काढण्याची ही सोय होती, कोणताही शैक्षणिक हेतू त्यामागे नव्हता. तरीही मला त्याचा परिणाम दिसला. वर्गात मूल चुकीचे उत्तर देते तेव्हा जाणते शिक्षक बरोबर उत्तर लगेच सांगत नाहीत, ‘असं तुला का वाटलं’ असे विचारतात. आठवीच्या वर्गात शेजारच्या बाकावर बसून सरांनी गणिताच्या शिक्षकांना असे विचारताना ऐकले. मैदानावर आता पास चुकल्यावर शिट्टी वाजते आणि सर विचारतात, “तुला तिकडे कोण दिसलं होतं?” बऱ्याचदा मुलाला योग्य तेच दिसलेले असते आणि चूक फक्त हाताची असते. ही दोन प्रकारची चूक वेगळी ओळखता आली की ओरडण्याचे कारण उरत नाही, असे सर स्वतः आमच्या विद्यार्थ्यांना सांगतात.

ध्यानचंद लष्करातून १९५६ साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि पुढे पतियाळाच्या संस्थेत त्यांनी मुख्य हॉकी प्रशिक्षक म्हणून काम केले, हे आपण सर्वजण वाचलेले असते. खेळाडूने निवृत्तीनंतर शिकवावे ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तिच्यासाठी शाळेच्या पातळीवर रचना मात्र नाही: पात्रतेच्या अटी आहेत, त्या योग्यही आहेत, पण ऑलिंपिक खेळलेल्या माणसाला त्या अटी कोणत्या मार्गाने पूर्ण करता येतील, किंवा मान्य पदावरील शिक्षकाबरोबर जोडीने काम कसे करता येईल, याची कोणतीही ठरलेली वाट नाही. या शाळेत ती वाट बाईंच्या उदारपणामुळे निघाली.

मुदतीच्या दुसऱ्या वर्षी संघ जिल्हास्तरावर दोन सामने जिंकला आणि तिसरा एका गोलने हरला. त्या सामन्यांत संघाने केलेला एक गोल पेनल्टी कॉर्नरवर होता आणि चेंडू त्या डावखुऱ्या मुलीच्या धाकट्या भावाने अडवला होता. ती स्वतः मुलींच्या संघातून बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला गेली. विजेतेपद मिळालेले नाही, नजीकच्या काळात मिळेल असेही नाही. मानधनाचा ठराव अजून दर वर्षीच होतो. मुरूम पावसाळ्यात वाहून जातो, तो टाकून रोलर फिरवण्याचा खर्च माजी विद्यार्थी उचलतात. सरांचे गुडघे आता प्रात्यक्षिकाला साथ देत नाहीत, म्हणून करून दाखवण्याचे काम मोठी मुले करतात आणि सर बाजूला उभे राहून दुरुस्त करतात.

बाई लवकरच निवृत्त होत आहेत. त्यांचे पद पटसंख्येच्या निकषात टिकेल की नाही हे पुढील संचमान्यतेत ठरेल. ते टिकले नाही तर साहित्य, वेळापत्रक, स्पर्धांचे अर्ज आणि मोजणीच्या वह्या सांभाळणारे शाळेत कोणी राहणार नाही, आणि सरांना ती कामे नियमाने करता येणार नाहीत. म्हणून बाई असतानाच एका तरुण शिक्षकाला दोघांच्या हाताखाली सकाळच्या सत्रात नेमावे आणि त्यासाठी टर्फच्या निधीतील काही भाग वळवावा, अशी लेखी शिफारस मी समितीला केली आहे. सरांची त्याला संमती आहे; टर्फचे तास कमी करावे लागले तर कोब्यावर आणखी एक दिवस वाढवू, असे त्यांनी कळवले आहे.